न्हाणीच्या पाण्याची वाटणी

मी, ताईबाई म्हस्कू रणपिसे, वय अंदाजे सत्तर, धर्म बौद्ध, धंदा घरकाम व भाजीविक्री, राहणार दौंड, जिल्हा पुणे, पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्या धाकाने किंवा लाडीगोडीने नव्हे तर आपल्या मर्जीने हे मृत्युपत्र लिहवून घेते. डोळे अधू झालेत, डोकं नाही. लिहिणार दस्तलेखक आनंदराव. मी बोलेन तसंच लिहायचं, या अटीवर त्यांना चहा दिलेला आहे. अक्षय्य तृतीया तोंडावर आली. आखितीला परसात वेलांची आळी खणायची असतात, म्हणून हे काम त्याआधी उरकते.

माझे मालक कै. म्हस्कू हे रेल्वेत इंजिनात कोळसा टाकायचे. त्यांनी हे घर आणि मागचा परस माझ्या नावाने घेतला, तेव्हा भावकीत कुजबुज झाली. ते म्हणाले, "परसात राबनार ही, मग नाव माझं कशाला?" असा माणूस. आम्हाला दोन मुलगे. थोरला खंडू रेल्वेच्या यार्डात नोकरीला आहे, त्याची बायको सिंधूबाई. धाकटा म्हाळू तापाने गेला. त्याची बायको ललिता माझ्याजवळ राहते आणि परसातली भाजी स्टेशनाबाहेर बसून विकते. तिचं आणि तिच्या लेकीचं पोट त्या भाजीवर आहे. हे सगळ्यांनी ध्यानात धरावं, पुढचं सगळं त्यावरच आहे.

घराची वाटणी अशी. पुढची खोली, माजघर आणि न्हाणी खंडूला. मागची खोली आणि सबंध परस ललिताला. तिने पुन्हा घर मांडलं तरी परस तिचाच, कोणी हात लावायचा नाही. मी तिला या बाबतीत सांगून थकले. "आत्याबाई, तुमाला येकटीला टाकून कुठं जाऊ?" म्हणते. आता मी नसेन, तेव्हा ही सबब चालायची नाही. चांगला माणूस मिळाला तर लग्न कर, बाई. माझ्या म्हाळूला वाईट वाटणार नाही, तो मनाचा मोठा होता.

खंडूला परसात भाड्याने द्यायच्या खोल्या बांधायच्या होत्या. पोरगं वाईट नाही. मला कधी उलटून बोललं नाही. फक्त त्याला सिमेंटचं वेड आहे, मोकळी जमीन दिसली की त्याचे हात शिवशिवतात. गेल्या उन्हाळ्यात रस्त्याला गटार झालं, तशी त्याने न्हाणीला सिमेंटची पन्हळ केली आणि पाणी तिकडे वळवलं. म्हणाला, "आये, डास व्हत्यात. आन् लोकं हसत्यात." लोकं हसली की नाही ठाऊक नाही, पण परसातली कारली आठवडाभरात जळाली. ललिताने नळावर रांगेत उभं राहून, कळशी कळशी आणून दोडका तेवढा जगवला. हाही उन्हाळा असाच गेला तर परस उरणार नाही, आणि परस उरला नाही तर ती पोर काय विकेल?

म्हणून मुख्य कलम असे की, न्हाणी जरी खंडूची असली तरी न्हाणीतून बाहेर पडणारे पाणी हे ललिताच्या परसाचे. अंघोळीचं, धुण्याचं, भांड्यांचं, सगळं. ते कोणी अडवू नये, वळवू नये. आनंदराव टाक थांबवून म्हणाले, "ताईबाई, सांडपाणी मृत्युपत्रात कुनी लिवीत न्हाई." मी म्हटलं, "मग तुमी पयलं लिवा."

आणि त्याला सांडपाणी म्हणू नका. माझ्या लहानपणी माहेरी आम्हाला विहिरीवर चढायची बंदी होती. हंडा खाली ठेवून लांब उभं राहायचं. एखादीच्या मनात आलं तर वरून ओतायची, नाहीतर रिकामा हंडा घेऊन घरी. असं मागून आणलेलं पाणी आम्ही एकदा अंगावर घ्यायचो आणि एकदा वेलाला द्यायचो. ती सवय मला आहे आणि ती मोडलेली मला खपणार नाही.

न्हाणीतली धोंड मालकांनी घोडनदीहून बैलगाडीने आणलेली आहे. कामावरून आले की काळेठिक्कर असायचे, तिच्यावर बसून अंग घासायचे आणि ओरडायचे, "ताई, बघ गं, दोडक्याला पोचलं का?" मी परसातून ओरडायची, "पोचलं, आता कारल्यासाठी पाय घासा!" मोठ्या दुष्काळात सुद्धा आमचा मांडव हिरवा होता तो सगळ्यांच्या अंघोळीवर. ती धोंड जागची हलवू नये. त्या माणसाची मला फार आठवण येते, हेही लिहा.

परसाची निगा ललिताला ठाऊक आहे, तरी लिहून ठेवते. आखितीला आळी खणावीत, तळाला शेणखत आणि चुलीतली राख घालावी, बी रात्रभर भिजवून टोकावं. तिथून मिरगापर्यंतचे दिवस सांभाळायचे. पाणी ऊन उतरल्यावर, थोडं पण रोज. रोपाच्या पश्चिमेला तुराट्यांचा आडोसा, बुडाला पाचट. पानावर तांबडे किडे दिसले की पहाटे राख फुंकावी. दीक्षा घेतल्यावर मालक मला चिडवायचे, "देव समदे नदीत सोडले, आन् आखिती धरून बसलीस व्हय?" मी म्हणायची, "आखिती देवाची न्हाई, वेलाची हाय." कोवळ्या दोडक्याकडे बोट दाखवू नये, तो कुजतो, हेही मी सोडलेलं नाही. त्यावर वाद नको.

हत्यारांपैकी खुरपे ललिताला, कुदळ व पहार खंडूला. बियांचं मडकं मात्र सिंधूबाईला. तिला मातीत हात घालायला आवडत नाही, मला माहीत आहे. तरी मडकं तिलाच. म्हणजे आखितीला ललिताला बी मागायला पुढच्या दारी जावं लागेल, आणि दोघी जावा वर्षातून एकदा तरी एकत्र चहा पितील. सिंधू, चहात साखर बरी घाल. पोस्टातली शिल्लक दोन्हीकडच्या नातवंडांच्या शाळेला. बाबासाहेबांची तसबीर पुढच्या खोलीत आहे तिथेच राहील, सगळ्यांची.

शेजारीण धुरपदा हिच्या शेळीने माझा घेवड्याचा वेल तीन वेळा बुडापासून खाल्ला. धुरपदाला मी माफ केलं आहे. शेळीला नाही. कुंपण बारा महिने नीट ठेवावं.

इथवरचं आनंदरावांनी वाचून दाखवलं. खंडू उंबऱ्यात बसून ऐकत होता. उठला, पहार घेतली आणि मागे गेला. मग सिमेंट फुटायचा आवाज. सिंधूबाईने न मागता न्हाणीत बादली उपडी केली आणि परसातून ललिता ओरडली, "आत्याबाई, पोचलं!" मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही. आनंदराव म्हणाले, "आता त्ये पान्याचं कलम काढू का?" मी म्हटलं, राहू द्या. माझ्या लेकाचा राग लवकर जातो, तसं शहाणपणही लवकर जातं.

शेवटचे कलम हात धुऊन आलेल्या खंडूच्या देखत लिहविले ते असे. मी गेल्यावर मला अंगणात न्हाऊ घालू नये. न्हाणीत, मालकांच्या धोंडीवर न्हाऊ घालावे. सिंधूबाई आणि ललिताने अंग चोळावे, खंडूने पाणी आणून द्यावे, आणि ते पाणी दोडक्याच्या आळ्यात जाऊ द्यावे. खंडू म्हणाला, "आये, मेल्या मानसाचं पानी भाजीला? विटाळ मानत्यात लोकं. कोन खाईल त्यो दोडका?"

विटाळ हा शब्द ऐकत मी लहानाची मोठी झाले. माझ्या घरात तो चालणार नाही. आणि कोण खाईल तेही लिहून ठेवते. त्या वेलाचा पहिला दोडका ललिताने विकू नये. त्याची भाजी करून खंडूला वाढावी. त्याला दोडका आवडत नाही, लहानपणापासून ताटाच्या कडेला सारतो. या वेळी सगळा संपवायचा. मी बघायला नसले तरी.

निशाणी डाव्या हाताचा अंगठा: ताईबाई म्हस्कू रणपिसे

साक्षीदार
१. कोंडिबा, रेल्वेतले निवृत्त खलाशी, दौंड. सही.
२. धुरपदा, शेजारीण, दौंड. अंगठा. (शेळीचे कलम वाचून दाखवले. मान्य नाही. बाकी सगळ्याला साक्ष.)

लिहिणार: आनंदराव, दस्तलेखक.
ठिकाण: दौंड. ता. २८ एप्रिल १९७६, बुधवार.