दोघींनी उचलायचा माणूस

२ जुलै

ती. आईस,
सा. न. वि. वि.

उद्यापासून मी खऱ्या वॉर्डात. वर्गातल्या बाहुलीला टोचून टोचून आम्ही तिची चाळणी केली, आता जिवंत माणसं. पण त्याआधी कॉलेजने प्रत्येकीला विमा उतरवायला लावला. माझ्या जिवाचा नाही गं. माझ्या हातून एखाद्या पेशंटला इजा झाली आणि त्याने भरपाई मागितली तर, त्याचा. तो कागद दाखवल्याशिवाय वॉर्डात पाऊल टाकू देत नाहीत. अजून कुणाला हात लावला नाही आणि हात चुकल्याची तजवीज तयार. आम्ही मुली पोट धरून हसलो. विम्याच्या बाई मात्र हसल्या नाहीत.

नक्कल सोबत पाठवते. बारीक अक्षरं बाबांनी वाचावीत, मला झोप येते.

आहे तेवढी माया राहू दे, ही विनंती.
तुझी भिंगरी

९ जुलै

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे बाबा सायकलच्या दुकानातून आले की भिंग घेऊन तुझा विमा वाचत बसतात. लग्नाआधी माझी पत्रंसुद्धा त्यांनी इतकी मन लावून वाचली नव्हती.

माझं एकच ऐक. कागद कागदाच्या जागी. म्हाताऱ्या माणसांना घरच्यासारखं सांभाळ. आपल्या आजोबांना तू एकटी कशी उचलायचीस, त्यांचे हात गळ्यात घालून, आणि ते म्हणायचे की चला, निघालं आमचं घोडं. शेवटी शेवटी त्यांना तुझ्याशिवाय कुणाचा हात चालत नसे. असं उचलणं कुठल्या कॉलेजात शिकवत नाहीत.

वेळेवर जेव. इथे तुझी आठवण सगळ्यांच्या आधी उठते.
तुझी आई

२१ जुलै

ती. आईस,
सा. न. वि. वि.

फोनवर सांगायला धीर होत नाही, म्हणून लिहिते.

आमच्या वॉर्डात एक आजोबा आहेत, पूर्वी घड्याळं दुरुस्त करायचे. त्यांच्या खाटेवर पाटी आहे, दोघींनी उचलणे. मंगळवारी दुपारी त्यांना संडासला जायचं होतं. सिस्टर दुसऱ्या पेशंटपाशी अडकल्या होत्या, म्हणाल्या की थांब, आलेच. आजोबांना थांबवेना. कपडे खराब होतील म्हणून ते इतके ओशाळले की डोळ्यांत पाणी आलं. मला आपलेच आजोबा दिसले. मी त्यांचे हात गळ्यात घातले आणि उचललं.

आपले आजोबा शेवटी मूठभर उरले होते. हे तसे नाहीत. त्यांचे पाय लटपटले आणि मला घेऊनच ते खाली आले. त्यांचं खुब्याचं हाड मोडलं.

त्यांचा मुलगा भरपाई मागतो आहे आणि त्याचं काही चुकतंय असं मला वाटत नाही. विम्याच्या बाई येऊन गेल्या. म्हणाल्या की कंपनी सगळं बघेल, फक्त मी त्या घरातल्या कुणाशी बोलायचं नाही, माफी मागायची नाही, चुकले म्हणायचं नाही. तसं एक वाक्य गेलं तर कंपनी हात वर करेल. विमा नाही तर वॉर्ड नाही, आणि वॉर्ड नाही तर शिक्षण नाही. मला दुसऱ्या मजल्यावर हलवलं आहे.

आई, मला फक्त त्यांच्यासमोर उभं राहून चुकले म्हणायचं आहे. सांग, काय करू?

रागाव, पण दूर लोटू नकोस.
भिंगरी

२६ जुलै

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. मी लगेच लिहिलं होतं की जा, त्यांच्या पाया पड, पुढचं पुढे बघू. ते पत्र बाबांनी फाडलं. मग म्हटलं, मीच येते आणि मी माफी मागते, शहाणपण शिकवलं होतं मीच. तर त्यांनी भिंगाखाली दाखवलं की तुझ्या वतीने घरच्यांनीही काही कबूल करायचं नाही.

चुकलं तर आधी कबूल कर, असं तुला लहानपणापासून सांगत आले. आता तीच मी सांगते आहे की अळीमिळी गुपचिळी. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं झालंय. बाबा दुकानात चाक खोलून बसतात आणि तसंच ठेवून घरी येतात.

गप्प राहा, बाळा. दुसरं काय सांगू, मला सुचत नाही.

राग माझ्यावर काढ, जेवणावर नको.
तुझी आई

१२ ऑगस्ट

ती. आईस,
सा. न. वि. वि.

आज ते आजोबा घरी गेले. मी औषधांची ट्रॉली घेऊन लिफ्टपाशी उभी होते आणि समोरून त्यांचं स्ट्रेचर आलं. बरोबर मुलगा होता, आमच्या सिस्टर होत्या. आजोबांनी मला ओळखलं आणि स्ट्रेचर थांबवायला लावलं. मला वाटलं, आता शिव्या देतील. देऊ देत, बरंच होईल, असंही वाटलं.

त्यांनी विचारलं, की पोरी, तू माझ्याखाली सापडली होतीस, तुझ्या पाठीला तर लागलं नाही ना. एवढं विचारायला ते रोज मला बोलवत होते म्हणे. मी रजेवर आहे असं वॉर्डातले लोक त्यांना सांगत होते.

सिस्टरांनी माझा कोपर धरला. मी ट्रॉलीतल्या बाटल्यांकडे बघत राहिले. लिफ्ट आली. आत जाताना ते मुलाला म्हणाले, की तिला ऐकू गेलं नसेल.

संध्याकाळी विम्याच्या बाईंचा निरोप आला की मी अगदी बरोबर वागले आणि प्रकरण मिटेल. माझं शिक्षण वाचलं. बाबांना सांग, चाक बसवा म्हणावं.

लागलं नव्हतं, आई. पाठीला काही झालं नव्हतं. त्यांना सांगता आलं नाही, म्हणून तुला सांगते.

तरी लोभ असू दे.
भिंगरी