थोरल्याचं माप

ता. ३ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला म्हणून कान उपटू नकोस. राजवाड्याच्या शिवणघरात मान वर करायला फुरसत नाही. धाकट्या राजपुत्राचा राज्याभिषेक पंधरा दिवसांवर आलाय आणि झगा माझ्याच हातून व्हायचाय. एवढी मखमल टेबलावर पसरली की वाटतं, यावर कात्री चालवायची आपली लायकी काय!

पण लिहिण्याचं कारण वेगळंच आहे. काल राणीसाहेब स्वतः शिवणघरात आल्या. थोरला मुलगा शिकारीत जिवानिशी गेल्यापासून त्या खोलीबाहेर पडल्या नव्हत्या. आम्ही सगळ्या उभ्या राहिलो. थोरल्यांचा त्या दिवशीचा कोट त्यांनी माझ्या हातात दिला आणि रफू करायला सांगितला. आठवण म्हणून जवळ ठेवायचाय.

रानडुकरानं समोरून पोट फाडलं, असं धाकटे सांगतात. तेव्हा जवळ ते एकटेच होते, शवपेटीही त्यांनीच बंद करून आणली. पण दादा, कोटाला भोक आहे ते पाठीत. सुळ्यानं कापड फाटलं की धागे ओढले जातात, हे तूच शिकवलंस ना? इथे एकही ओढलेला नाही. पात्यानं सरळ कापलेत. मला फार भीती वाटतेय. सांगू की शिवू?

वहिनीला नमस्कार. माझ्यावर जीव आहे तसाच असू दे.

तुझी धाकटी


ता. ७ फेब्रुवारी

चि. सुईबाईस,
अ. उ. आ.

पत्र वाचलं आणि जाळलं. तूही हे जाळ. कोट गिऱ्हाइकाचा, भोकही गिऱ्हाइकाचं, आपला फक्त दोरा, हे शंभरदा सांगितलंय. तिथे भिंतींनाही कान असतात. मूग गिळून गप्प बस आणि भोक असं बुजव की राणीसाहेबांच्या बोटालाही लागू नये. आपल्याला मान एकच आहे. तुझी वहिनी म्हणते, परत ये. मीही तेच म्हणतो, फक्त ओरडून.

लोभ वाढव, काळजी वाढवू नकोस.

तुझा दादा


ता. २२ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं नाही. रफू का केलं नाहीस, असं राणीसाहेबांनी विचारलं तेव्हा त्या माउलीसमोर खोटं बोलवेना. धागे दाखवले. त्या रडल्या नाहीत. बराच वेळ भोकाच्या कडेवरून बोट फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, हाच कोट झग्याला आतून अस्तर म्हणून लाव.

राज्याभिषेकाचा झगा आईनंच चढवायचा, असा इथला रिवाज. सगळा दरबार उभा होता. राणीसाहेबांनी झगा उलटा केला आणि मुलाच्या खांद्यावर टाकला. मखमल आत, रक्ताळलेला कोट बाहेर. त्याला दरबाराकडे पाठ करून उभं केलं आणि त्या भोकात स्वतःचं बोट घातलं. डुकराचा सुळा इतका सरळ चालतो का, हे ज्यानं पाहिलं त्यानंच सांगावं, म्हणाल्या. धाकटे गुडघ्यांवर बसले आणि सगळं कबूल केलं. डोंगरावरच्या किल्ल्यात जन्मभर कैद, ही शिक्षाही आईनंच सुनावली. आवाज जरासुद्धा कापला नाही. असं माणूस मला पुन्हा दिसायचं नाही.

आज त्या परत आल्या. किल्ल्यावर थंडी फार असते, त्याला जाड कोट शिव, म्हणाल्या. माप हवेत हातांनीच दाखवलं, खांदे इतके, बाही इथपर्यंत. दोघांचीही मापं माझ्या वहीत आहेत. बाही धाकट्यांच्या मापापेक्षा तीन बोटं लांब सांगितली. ते माप थोरल्याचं आहे. त्यांना सांगू का रे?

उत्तर लगेच धाड. कापड कापायचं थांबलंय.

तुझी धाकटी


ता. २६ फेब्रुवारी

चि. सुईबाईस,
अ. उ. आ.

मागच्या वेळी गप्प बस म्हणालो, ते भ्यालो म्हणून. तू बोललीस, बरं केलंस. मी असं म्हणालो हे वहिनीला मात्र कळवू नकोस, नाहीतर जन्मभर ऐकवेल.

या वेळी भीतीपोटी सांगत नाही. गप्प बस. आईनं दाखवलं त्याच मापानं काप. बाही लांब होईल, तो दुमडून घेईल. आणि रोज दुमडताना त्याला कळेल, कोट कुणाच्या मापाचा आहे ते.

दोरा जाड घे. तुझ्यावर जीव आहेच, तो पत्रात मावत नाही एवढंच.

तुझा दादा