नाशिकला कुठे उतरायचं

५ जानेवारी, सोम.
अमितचा उलव्याहून फोन. "आई, तुम्ही दोघं तीन दिवस नाशिकला फिरून या. हॉटेल आम्ही बघतो." ह्या मुलाला स्वतःच्या लग्नाचा हॉल बघायचा कंटाळा होता! आणि हे लगेच, "जाऊ या की." नेरूळहून वाशीला जायचं तरी दोन दिवस विचार करणारा माणूस.

६ जाने.
माझी यादी – काळाराम, सीतागुंफा, रामकुंड, भांडीबाजार. गुडघा हो म्हणाला तर पांडवलेणी. उतरायचं पंचवटीत. सगळं चालत होईल.

८ जाने., गुरु.
सूनबाईंनी हॉटेलचे फोटो पाठवले. गंगापूर रोडच्याही पार पुढे, चहूकडे मळे. फोन केला, अगं ऋतुजा, तिथे बघायचं काय? "शांतता आहे ना आई, हवा मस्त." मी पंचवटीतली दोन सुचवली. एकाचे रिव्ह्यू वाईट म्हणे, दुसऱ्याला लिफ्ट नाही. रिव्ह्यू मी स्वतः वाचले. चांगले आहेत.

११ जाने., रवि.
दोघं जेवायला. अमितने विचारलं, "सोसायटी रिडेव्हलपमेंटला जाणार का?" ऋतुजा माळ्याकडे बघून, "आई, एवढं सामान लागतं तुम्हाला?" मी भाकऱ्या थापत होते, कान उघडे होते. हे मान खाली घालून जेवले. तीन दिवस आम्हाला बाहेर काढून इथे काय करायचंय ह्या नवराबायकोला?

१३ जाने.
सारसोळ्याची हिराबाय कोळंबी घेऊन आली. तिला सांगितलं. म्हणाली, "पोरगा सोताहून धाडतो? चावी बरोबर ने गो बाय!" हसले. पण ती गेल्यावर घराचे कागद कपाटातून काढून बॅगेत तळाला ठेवले.

१४ जाने., संक्रांत
तीळगूळ घेऊन उलव्याला. टेबलावर ऋतुजाचा लॅपटॉप, त्यावर आमच्या सहलीचं पान. शनिवार, सकाळी ११ – 'ज्येष्ठ निवास, खोल्या बघणे'.
म्हणजे मळ्यातलं हॉटेल ह्यासाठी होतं तर.
विचारलं. ऋतुजाचा चेहरा उतरला. "आई… बाबांना विचारा."

घरी येऊन चहा ठेवला, मग विचारलं.
"मीच सांगितलं अमितला," हे म्हणाले. "मागे तू बाथरूममध्ये पडलीस, कडी आतून. वॉचमनने दार तोडलं. मला तुला उचलता आलं नाही, सुमन. तिथे बेल दाबली की माणूस येतं."
"मला का नाही विचारलं?"
"नाही म्हणाली असतीस."
म्हणालेच असते.

१५ जाने.
यांच्याशी बोलणं बंद. यांनी भाजी केली, कांदा जळला. तशीच खाल्ली.
ऋतुजाला फोन. "मी म्हणत होते, आधी आईंना सांगा. बाबांनी शपथ घातली." खरं असेल. आठवडाभर मनातल्या मनात त्या पोरीला काय काय बोलले. आवाज चढला नव्हता एवढंच बरं. कागद परत कपाटात ठेवले.
पंचवटीतली खोली मीच बुक केली. ते ज्येष्ठ निवास बघायला जायचं की नाही, ते नाशिकला पोचल्यावर ठरवेन.

१६ जाने., शुक्र., नाशिक
थंडी झोंबते. लिफ्ट खरंच नाही, दुसरा मजला. माझा गुडघा नीट चढला. हेच दोनदा थांबले. दुसऱ्यांदा भिंतीला हात टेकून. "बॅग जड आहे," म्हणाले. बॅग हॉटेलचा माणूस आधीच वर घेऊन गेला होता.
पुन्हा विचारलं, "माझ्या पडण्यामुळेच ना?"
"सांगितलं ना एकदा."

१७ जाने., शनि.
काळाराम झाला. हे पायऱ्या चढले नाहीत, खाली बाकावर बसले. वरून बघितलं तर खिशातून गोळी काढून जिभेखाली ठेवत होते. बीपीची गोळी मी रोज हातावर देते, ती गिळायची असते. ही कुठली? जिभेखाली तर छातीत दुखल्यावर ठेवतात.
खाली आले. अकराला वीस मिनिटं. रिक्षावाला थांबलेला. "तिकडे जायचं की सीतागुंफा? तू म्हणशील तसं," हे म्हणाले.
"आधी त्या गोळीचं सांगा. कधीपासून घेताय?"
रिक्षावाल्याला जायला सांगितलं यांनी. "चहा घेऊ, मग सांगतो."
समोरच्या टपरीवर बसलोय. चहा आला. बिनसाखरेचा, तरी केव्हाचे चमच्याने ढवळतायत.