राजीच्या गळ्याची सोनोग्राफी

जुईनगर, दसऱ्याचा दुसरा दिवस, १९९७

ती. वेणूआक्का,

धाकट्या सयाजीचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? म्हैस व्याली का? इकडे आम्ही सगळे बरे आहोत, आणि हे ‘बरे’ लिहिता येईपर्यंत पत्राला हात लावायचा नाही असं ठरवलं होतं, म्हणून उशीर.

आपल्या राजीचा (राजनंदिनी हे नाव तूच ठेवलंस, पण घाईच्या हाकेला ते पुरत नाही) आवाज गणपतीपासून बसला होता. पाच वर्षांची पोर, आणि आवाज आमच्या कांदा-बटाटा मार्केटातल्या म्हाताऱ्या हमालाचा. काढे झाले, हळद-दूध झालं. शेवटी घशाचे डॉक्टर म्हणाले, गळ्यात आवाजाच्या दोन पट्ट्या असतात, त्यातली एक बहुतेक हलत नाही; तसं असेल तर आवाज असाच राहील. भूल देऊन घशात नळी घालून बघावं लागेल, पण त्याआधी वाशीच्या चारुलताबाई बाहेरूनच सोनोग्राफी करून बघतील. आक्का, मी डॉक्टरांना तेच तीनदा सांगायला लावलं. सून उज्वला तर नुसती पोरीकडं बघत बसली.

आता सोनोग्राफी म्हटली की पोटभर पाणी पिऊन जायचं, हे उज्वलाच्या बाळंतपणापासून मला पाठ. म्हणून राजीला घरी पाणी, रिक्षात पाणी, दवाखान्यात (सगळ्या पोटुशा बायका, त्यात मिशीवाला मी एकटा) पुन्हा पाणी. आम्ही तिघं आत गेलो, तर चारुलताबाई हसल्याच, “आजोबा, गळा बघायचाय. पाणी कशाला?” मग गळ्याला गार जेली लावून यंत्र टेकवलं. ना सुई, ना नळी! म्हणाल्या, आता हिला जोरात ओरडू दे. ओरडते कसली? महिनाभर मीच तिला दटावत होतो की ओरडलीस तर आवाज कायमचा पळून जाईल. बाहुली कबूल केली, आइस्क्रीम कबूल केलं, मी स्वतः ओरडून दाखवलं (बाहेरच्या बायका उठून उभ्या राहिल्या), पण पोरीचे ओठ घट्ट. आणि मग पाण्यानं आपलं काम केलं. “मम्मीऽऽ, शूऽऽ लागली!” अशी घोगरी किंकाळी तिनं फोडली, आणि पडद्यावरच्या धुक्यात कपाटाच्या दारांसारख्या दोन बारीक पट्ट्या एकमेकींना येऊन भिडल्या. दोन्ही, आक्का, दोन्ही! बाई म्हणाल्या, ओरडून ओरडून सूज आलीय, बाकी काही नाही. उभा जन्म मी आवाजावर ट्रक खाली करून घेतले, पण आत इतकं नाजूक काहीतरी हलतं हे कधी मनातही आलं नव्हतं. मी हात जोडले, ते बाईंना की यंत्राला, देव जाणे. उज्वला रडत रडत राजीला मोरीकडं घेऊन पळाली.

भाऊजींना नमस्कार, रेडकू झालं असल्यास त्याला माझ्याकडून गूळ.

तुझा,
सयाजी

ता. क. – बाईंनी विचारलं, एवढं ओरडायला ही शिकली कुणाकडून? उज्वला पर्समध्ये काहीतरी शोधायला लागली (सुनेनं कसं बोलावं), पण राजीनं माझ्याकडं बोट केलं. तेव्हा तिचा गळा बरा होईपर्यंत मी घरात हळू बोलायचं ठरलं. जमत नाही गं. म्हणून मुद्द्याचं लिहितो : दिवाळीपर्यंत मला तुझ्याकडं ठेवून घे. म्हशीशी मोठ्यानं बोललं तरी चालतं.

दुसरा ता. क. – वरचं रद्द. पाकिटाला डिंक लावत होतो, तर राजी मांडीवर येऊन बसली आणि कानाशी लागून म्हणाली, “आजोबा, जाऊ नका ना. मी शिकवते तुमाला हळू बोलायला.” धडे सुरू झालेत. दिवाळीला तूच ये. फक्त सोसायटीच्या गेटातून ‘सयाऽऽ’ म्हणून हाक घालू नकोस, वर येऊन बेल वाजव. मी कुणाकडून शिकलो, ते बाईंना अजून सांगितलेलं नाही.