त्रेपन्न तुझ्या वाट्याचा

माय, आज वर्गात पुन्हा ८१९१ शिकवला आणि माझा आवाज इतका चढला की पोरी तोंडाला ओढणी लावून हसायला लागल्या. हसू देत! तुला सांगितल्याशिवाय मला राहवेना.

लाखांदूरच्या शाळेत आठवीत असताना मला एक नियम सापडला होता, आठवतं? मूळ संख्येइतके दोन घ्यायचे, एकमेकांना गुणायचे, एक वजा करायचा, की पुन्हा मूळ संख्याच हाती. तीन, सात, एकतीस, एकशे सत्तावीस! काय फुशारकी मारली मी वर्गात! गुरुजींनी शांतपणे अकरा दोन गुणले, २०४७ आले, आणि फळ्यावर लिहिलं: तेवीस गुणिले एकोणनव्वद. सगळा वर्ग खो खो हसला. घरी येऊन मी दप्तर कोपऱ्यात भिरकावलं. तू चुलीपुढे बसली आहेस, भात रटरटतोय. "काहून रडून राहिली वं? एक आकडा फसला तं फसला. त्याच्या पुढचा पाह्यला का?" पुढचा म्हणजे तेरा दोन, ८१९१. "हाही फुटला तं मी गणिताले हात लावनार नाही," मी म्हणाले. "नको लावू. पन आधी भागून तं पाहू!"

नव्वदच्या आतल्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहायचं होतं. त्यापुढे जायची गरज नाही, हे गुरुजींनीच शिकवलेलं. तू चौथी शिकलेली, पण भागाकार तुझ्या भारी आवडीचा. सारवलेल्या जमिनीवर खडू घेऊन आपण बसलो. जिचा भागाकार संपेल तिनं पुढची संख्या घ्यायची. एरवी भाग पुरता गेला की माणूस खूश होतो, आपण मात्र बाकी उरली की ओरडतोय. "उरले वं, उरले!" त्रेपन्न तुझ्या वाट्याला आला. "एकोणतीस उरले!" एकोणऐंशी माझ्या, चोपन्न उरले. शेवटच्या एकोणनव्वदलाही बाकी उरली तेव्हा तू टाळीच वाजवलीस. "नाही फुटत तो! पक्का हाय!" भात खाली लागला होता. तोच करपट भात आपण हसत खाल्ला, आणि दुसऱ्या दिवशी मी दप्तर उचललं.

तू गेल्यावर, नागपूरला एम.एस्सी. करताना, मला पुढचं कळलं. ८१९१ ला निःशेष भागणारी मूळ संख्या असलीच, तर तिला सव्विसानं भागल्यावर एकच उरायला हवा. नव्वदच्या आत अशा किती? दोनच, माय, दोनच! त्रेपन्न आणि एकोणऐंशी. बाकीची सगळी मेहनत फुकट! एक तुझा, एक माझा, तेवढ्यावर तो आकडा उभा आहे. मी वाचनालयात खुर्चीवरून उठलेच. मग लक्षात आलं, सांगायचं कोणाला? रडू आलं, हसूही आलं.

हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून एक लिहून टाकते. पोरींकडून मी दोन्ही भागाकार करून घेते. एकोणऐंशीचा मी स्वतः कितीदा केला असेल, मोजदाद नाही. त्रेपन्नचा मात्र आजवर एकदाही केला नाही. तू म्हणालीस एकोणतीस उरले, म्हणजे उरले.