सख्खा मामा

मैलूर, मंगळवार, संध्याकाळ

आई आज औरादहून आली ती माझ्या पोरीला मागायलाच. प्रतीक्षाला म्हणे दत्ताला द्यायची. दत्ता माझा धाकटा भाऊ, तिचा सख्खा मामा! मी नको म्हटलं तर आई भडकली. "कामून नको? तुला न्हाई दिली मी माझ्या भावाला? काय वाईट झालं तुझं?"

काय वाईट झालं! आईला दिवेलागणीनंतर दिसत नाही. तिच्या भावाला, म्हणजे माझ्या नवऱ्यालाही नाही. आणि आता प्रतीक्षाला. कलबुर्गीच्या डॉक्टरांनी पहिलंच विचारलं, "लग्न नात्यातलं का?" मी मान खाली घातली. पण मला तरी कुणी विचारलं होतं? खोटं कशाला लिहू, तेव्हा मी खूशच होते. सासरी कुणी परकं नाही म्हणून.

आईला डॉक्टरांचं सांगितलं, तर म्हणते, "आपल्या घराण्याचे डोळेच तसे. त्यात काय रडायलीस?"

मग तिने पाणी मागितलं. अंगणात अंधारून आलं होतं. प्रतीक्षाने तांब्या पुढे केला, आईने हात पुढे केला. तांब्या एकीकडे, हात भलतीकडे. मध्ये वीतभर अंतर, आणि दोघी चाचपडतायत. मी नुसती बघत उभी राहिले. मुद्दाम.

शेवटी आई खेकसली, "अगं, पाणी द्यायलीस का न्हाई?"

"कवाची धरून उभी हाय, आज्जी. घे की."