पाव कुठल्या डब्यात

सीदी खलफ,
१९ नोव्हेंबर

प्रिय लमीनभाऊजी,

मोंजियावहिनीचा सलाम. स्फाक्सला तुम्ही, जाऊबाई आणि मुलं सुखरूप असाल. इकडे अल्लाच्या कृपेने बरं चाललंय. जैतून यंदा बेताचीच, पण घरापुरतं तेल निघेल. इतक्या वर्षांनी माझं अक्षर बघून तुम्ही पाकीट बाजूला ठेवाल, हे ठाऊक आहे मला. पण वाचा.

नगरपालिकेने सध्या आमचं डोकं उठवलंय. म्हणे घरोघरी तीन डबे येणार, हिरवा, निळा आणि राखाडी. शिवाय गाडीवाले, भंगारवाले, सगळ्यांच्या परवान्याची फी वाढणार. मला यातलं काही म्हणता काही कळत नाही. ट्यूना माशाचा रिकामा डबा निळ्यात, मग त्यातलं उरलेलं तेल कुठे? अंड्याची टरफलं हिरव्यात, आणि अंड्यांचा पुठ्ठा? समजावायला एक मुलगी आली होती, तीच दोनदा चुकली.

शेजारच्या बेयाने विचारलं, "आणि शिळा पाव गं?"

"हिरव्यात."

"अगं बाई! पाव म्हणजे काय कचरा वाटला तुला? आईने हेच शिकवलं का?"

पोरीचे कान लाल झाले. "मावशी, मीसुद्धा घरी वेगळ्या पिशवीतच ठेवते. पण आता दाराला पिशवी टांगली की दंड, आणि मेंढ्यांसाठी पाव नेणाऱ्यालाही परवाना लागणार."

हे अजून नगरपालिकेवर आहेत, म्हणून सगळी गल्ली मलाच विचारते. मी यांना विचारलं तर म्हणाले, फी वाढलीच पाहिजे. चहा संपेपर्यंत म्हणायला लागले, गरिबाच्या पोटावर पाय देऊ नका. मला वाटलं राजकारण असेल, आपल्याला कुठलं कळायला!

सोमवारी बैठकीला मी आणि बेया मागे जाऊन बसलो. हे बोलायला उठले. यांचा खाक्या तुम्हाला मी काय सांगावा? परवाना नाही तर धंदा नाही, मग तो सख्खा भाऊ का असेना. तुमची गोड बंबालूनी वडे तळायची गाडी यांनीच उचलायला लावली, आणि तुम्ही हा उंबरा सोडलात तो सोडलातच. तर हे उठले आणि म्हणाले, "फीचं मागाहून बघू. माझा भाऊ सकाळपासून बाहेर अर्ज घेऊन उभा आहे. आधी त्याला परवाना द्या. तेल तापलंय त्याचं."

नगराध्यक्ष म्हणाले, "सी शादली, कुठला भाऊ?"

"लमीन! दुसरा आहे का मला?"

आणि दाराकडे तोंड करून वाट बघत उभे राहिले. लोक हसले. त्यांना वाटलं, कुणाला तरी टोमणा मारला. बेया मात्र हसली नाही, तिने माझा हात घट्ट धरला. विषय पुढच्या बैठकीवर गेला.

आता लिहायला घेतलंच आहे तर लिहून टाकते. गेले काही दिवस मी कचऱ्याच्या बादलीतून पाव वेचून काढते आहे. हे टाकतात. रस्त्यात तुकडा दिसला तर उचलून ओठांना लावून भिंतीवर ठेवणारा हा माणूस माशाच्या काट्यांवर अख्खा पाव टाकतो, आणि मग मलाच ओरडतो, "हे पाप कुणी केलं?" मी कुणाचं नाव घेऊ? डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलंय, पण ते लिहायला माझा हात धजत नाही. म्हणाले, जवळचे चेहरे सगळ्यांत शेवटी पुसले जातात. पण जातात. मला फार भीती वाटते हो, भाऊजी.

परवाच्या शुक्रवारी कुसकुसच्या परातीपाशी यांनी तुमचा चमचा मांडला. "लमीन का नाही आला?" मी म्हटलं, "अहो, भांडलात ना तुम्ही दोघं." तर म्हणाले, "आम्ही? कशावरून?" खरंच आठवत नव्हतं. लहान मुलासारखे माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

यांनी माफी मागावी म्हणून थांबला असाल, तर ती आता यायची नाही. ते भांडण आता एकट्या तुमच्याजवळ उरलंय. तुमचा चेहरा यांच्याजवळ अजून आहे. आहे तोवर या.

तुमची वाट बघणाऱ्या दोघांतली, ज्या एकीला वाट का बघावी लागतेय ते आठवतं,
ती तुमची वहिनी,
मोंजिया